दिवस कुठे काढणार? आमच्या कॅम्पर व्हॅनचे अकरा महिने

व्हॅन घेण्याआधी आमच्या घरात तीन महिने फक्त इंजिनावर चर्चा चालली होती. जेवणं आटोपली की नवरा फोन घेऊन बसायचा आणि झोपताना मला टायमिंग बेल्टच्या (इंजिनाचे भाग एका तालात फिरवणाऱ्या पट्ट्याच्या) बातम्या द्यायचा. आता अकरा महिने आणि एकोणीस वीकेंड झाल्यावर सांगते, त्या चर्चेतलं फार थोडं कामाला आलं. कामाला आली ती हॉलच्या जमिनीवर चिकटवलेली मास्किंग टेप. तिच्याबद्दल पुढे सांगते.

आम्ही इंग्लंडमध्ये बेडफर्डला राहतो. थोरली नऊ वर्षांची, धाकटा सहाचा. तंबूत तीन उन्हाळे काढले. तिसऱ्या उन्हाळ्यात वेल्समध्ये पहाटे तीनला तंबूची एक बाजू कोसळली आणि चौघं गाडीत बसून उजाडायची वाट बघत राहिलो. तेव्हा ठरलं की साधी मालवाहू व्हॅन घ्यायची आणि तिची कॅम्पर, म्हणजे आत झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी, करायची. तयार कॅम्पर आमच्या खिशाबाहेरची होती.

पहिली चाळणी सरकारनेच लावून दिली. २९ ऑगस्ट २०२३ पासून अख्खं लंडन प्रदूषण शुल्काच्या हद्दीत आलंय. डिझेल गाडी युरो ६ (धुराच्या प्रदूषणाचा युरोपीय दर्जा) नसेल तर दिवसाला साडेबारा पौंड. गणपतीला डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात जायचं, मावसबहिणीकडे हॅरोला जायचं, म्हणजे हा खर्च वर्षभराचा. त्यामुळे २०१५ पर्यंतची फोक्सवॅगन टी ५, जिच्यावर नवऱ्याचा जीव होता, ती यादीतून गेली, कारण त्या बहुतेक युरो ५ किंवा त्याहून जुन्या दर्जाच्या आहेत. नंतरची युरो ६ दर्जाची टी ६ चालली असती. पण तिच्या नावाचीच किंमत एवढी की आत करायच्या कामाला पैसे उरले नसते.

फोर्ड ट्रान्झिट कस्टम इथे सगळ्यात जास्त दिसते, सुटे भाग कुठेही मिळतात. २०१६ नंतरच्या २ लिटर डिझेल इंजिनात टायमिंग बेल्ट तेलात बुडून चालतो. तो बदलणं हे मोठं आणि खर्चिक काम, म्हणून आधीच्या मालकाने तेल वेळेवर बदललं होतं का, हे कागदावर बघूनच घ्यावी. आम्हाला असे कागद असलेली मिळाली नाही.

उरली ती चार नावांची एकच व्हॅन. रेनॉ ट्रॅफिक, व्हॉक्सॉल व्हिवारो, निसान एनव्ही ३०० आणि फियाट टॅलेंटो. २०१४ नंतरच्या या गाड्या सांगाड्याने एकच, फक्त पुढचा बिल्ला वेगळा. मात्र व्हिवारो बघताना सालाकडे लक्ष द्या. २०१९ मध्ये आलेली पुढची व्हिवारो पूर्ण वेगळ्या गाडीवर बेतलेली आहे, तिला ट्रॅफिकचं फर्निचर आणि छताचे भाग बसत नाहीत. आम्ही २०१८ ची व्हिवारो घेतली, १.६ लिटर डिझेल, टायमिंगला चेन. ती आमच्यापासून अर्ध्या तासावर लुटनच्या कारखान्यात बनली होती. तो कारखाना मार्च २०२५ मध्ये बंद झाला. गाडी विकणारा म्हातारा तिथेच नोकरीला होता. किल्ली देताना त्याने बॉनेटवर हात फिरवला तेव्हा मलाच कसंतरी झालं.

आता टेप. या व्हॅन दोन लांबीत येतात. आखूड पाच मीटरची, लांब ५.४ मीटरची. आतली माल ठेवायची लांबी अनुक्रमे २.५४ आणि २.९४ मीटर. नवऱ्याचं म्हणणं आखूड घेऊ, कारण इथल्या पार्किंगची ठरावीक जागा ४.८ मीटर लांब असते. आखूडही तिच्याबाहेर येते, पण थोडीच. सगळे सांगतात की आखूड व्हॅनमध्ये चौघं आरामात झोपतात, दोघं खाली, दोघं वर उघडणाऱ्या छतात. खरंच झोपतात. झोपलेल्या माणसाला लागते किती जागा!

मी एका रविवारी सोफा सरकवला आणि जमिनीवर दोन्ही मापं टेपने आखली. बेडची जागा पुठ्ठ्याने दाखवली, ओट्याच्या जागी चपलांचं कपाट आणून ठेवलं. मग चौघांनी ओले असल्यासारखे रेनकोट घालून आखूड चौकटीत एक तास बसायचं, बाहेर पाय टाकायचा नाही. पत्ते, चहा, एकाने उठून बिस्किटं काढायची. पंचविसाव्या मिनिटाला धाकटा रडला. लांब चौकटीत तास निघाला आणि रेनकोट टांगायला कोपराही सापडला. चाळीस सेंटिमीटर म्हणजे काय, ते आकड्यात कळत नाही.

या देशात व्हॅनमध्ये रात्र कशीही निघते, दिवस निघत नाही. गेल्या ऑक्टोबरात आम्ही लेक डिस्ट्रिक्टमध्ये बॉरोडेल खोऱ्यात होतो. तिथलं सीथवेट हे इंग्लंडमधलं सर्वांत पावसाळी वस्तीचं ठिकाण समजलं जातं. शनिवारी सकाळी आठ ते संध्याकाळी पाच धो धो. कोकणात पाऊस कोसळतो तेव्हा माणूस पडवीत बसून बघतो. इथे पडवी नाही. पुढची सीट वळवून मागे तोंड केलेली, मधे घडीचं टेबल, ओले बूट सरकत्या दाराशी ट्रेमध्ये, चार ओल्या जाकिटांचा वास. दुपारी मेतकूट-भात आणि भाजलेला पापड. मुलांनी टेबलावर साप-शिडीचे अकरा डाव खेळले. कोणी रडलं नाही, मीही नाही. आखूड व्हॅन असती तर दुपारी बारालाच परत फिरलो असतो.

लांबीचा तोटाही सांगते. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये मी नेहमी लांबच्या कोपऱ्यात लावते. आमच्या घरासमोर ती मावत नाही, शेपूट फुटपाथवर येते. म्हणून रस्त्यावर उभी असते, आणि रस्त्यावरची जागा शोधणं हा आता घरातला एक कायमचा विषय आहे.

मूळ व्हॅनला फक्त पुढे तीन सीट होत्या. मागे मुलांना बसवायचं तर पट्ट्याच्या सीट हव्यात, आणि इथे बारा वर्षं किंवा १३५ सेंटिमीटर उंची, यातलं जे आधी होईल तोपर्यंत मुलांना चाइल्ड सीट लागते. म्हणून पैसे वाचवायचे असतील तर रंगात वाचवा, फर्निचरमध्ये वाचवा, मागच्या बेडमध्ये नाही. दिवसा सीट आणि रात्री पलंग होणारा बेड बाजारात स्वस्तही मिळतो, पण तो एम १ (प्रवासी गाड्यांच्या) दर्जाच्या ओढ-चाचणीतून, म्हणजे धडकेत सीट आणि पट्टे उखडणार नाहीत ना हे बघणाऱ्या चाचणीतून, गेलेला आहे का, हे कागद मागून विचारा. 'मजबूत आहे' हे उत्तर नव्हे. आमचा पाऊण रुंदीचा आहे, दोन पट्टे, शेजारी ओट्याला जागा.

उघडणारं छत एका कन्व्हर्टरकडे, म्हणजे व्हॅनची कॅम्पर करून देणाऱ्याकडे, बसवलं. त्याने तीन आठवडे सांगितले आणि दहा लावले. वर दर पंधरवड्याला नवं कारण. काम मात्र चांगलं झालं, थेंब गळत नाही. छतात मुलं झोपतात आणि ते त्यांचं राज्य आहे. जानेवारीत कापडाच्या भिंतीतून थंडी येते, तेव्हा छत खालीच ठेवून धाकट्याला आमच्यात घेतो आणि थोरली पुढच्या सीटवर टाकायच्या छोट्या पलंगावर झोपते. छत मिटल्यावर गाडीची उंची २.०८ मीटर भरते. हा आकडा मी चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवलाय, कारण समुद्रकिनाऱ्यावरच्या बऱ्याच पार्किंगला २ किंवा २.१ मीटरवर लोखंडी दांडा असतो. २.१ च्या दांड्याखालून जाताना अजूनही सगळे मान खाली घालतात.

आता माझी चूक. आतून भिंतींना सगळे लावतात तसलं ताणून बसणारं राखाडी कार्पेट लावलं. दिसायला झकास. पहिल्याच ट्रिपला मी आत उभं राहून पिठल्याला फोडणी दिली. हिंग, लसूण, मोहरी. दुसऱ्या दिवशी दार उघडल्यावर खानावळीत आल्यासारखं वाटलं. तिसऱ्या आठवड्यातही तेच. व्हिनेगर, खायचा सोडा, उन्हात दारं सताड उघडी (ऊन मिळालं त्या दिवशी), सगळं करून झालं. वास कमी झाला, गेला नाही. ऑफिसच्या पार्टीचा ड्रेस मी व्हॅनमध्ये नेत नाही. आपल्या स्वयंपाकाला पुसता येणारी भिंत हवी. पातळ प्लायवर लॅमिनेट लावा आणि फोडणी बाहेर, ताडपत्रीखाली द्या. आत फक्त चहा, भात, गरम करणं.

ताडपत्रीखाली मी काडतुसाची ब्युटेनची शेगडी वापरायचे. फेब्रुवारीत पीक डिस्ट्रिक्टमध्ये सकाळी शून्य तापमान होतं आणि ज्योत मेणबत्तीएवढी झाली. शून्याच्या जरा खालीच ब्युटेनचा वायू व्हायचा थांबतो. आता प्रोपेनची छोटी टाकी आहे. आणि कितीही थंडी असो, ऊब यावी म्हणून शेगडी आत पेटवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आमच्या उशाशी असतो. उबेसाठी गाडीच्याच टाकीतून डिझेल घेणारा २ किलोवॉटचा हीटर सीटखाली आहे. त्याचा धूर बाहेर जातो. रात्री तो अगदी मंद ठेवतो आणि छतातली खिडकी बोटभर उघडी. तेवढी उघडी नसली तर चौघांच्या श्वासाने सकाळी काचांवरून पाणी ओघळतं आणि उशा ओल्या.

विजेचं थोडक्यात. युरो ६ गाड्यांचा अल्टरनेटर (इंजिनावर चालणारं वीज बनवायचं यंत्र) बऱ्याचदा गरजेपुरताच चालतो, त्यामुळे मागची बॅटरी भरायला जुनी रिले, म्हणजे वीज नुसती जोडणारा स्विच, पुरत नाही, वीज हवी तेवढी वाढवून देणारा डीसी-डीसी चार्जर लावावा. आमची १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी फ्रिज आणि दिवे दोन रात्री ओढते.

बाहेरून वीज घेताना मात्र आमची शोभा झाली. पहिल्या कॅम्पसाइटवर मी घरची केटल नेली होती. घरची केटल ३ किलोवॉटची आणि साइटचा वीज देणारा खांब १० अँपिअरचा, म्हणजे फार तर २३०० वॉट. बटण दाबलं आणि काळोख. खांबाची पेटी कुलूपबंद. रात्री नऊला, पावसात, स्लिपर घालून साइट सांभाळणाऱ्या वॉर्डनचं दार वाजवलं. तो बाई-माणूस बघून हसला नाही, फक्त "केटल?" एवढंच म्हणाला. आता १ किलोवॉटची केटल आहे. पाणी उकळायला वेळ लागतो, तोवर आलं किसून होतं.

कागदपत्रांत फार जीव अडकवू नका. नोंदणी-पत्रावर 'मोटर कॅराव्हॅन' लिहून मिळावं म्हणून वाहन नोंदणी खात्याकडे अर्ज केला होता. तिथे आतलं सामान पुरत नाही, गाडी बाहेरून कॅम्पर दिसावी लागते, आणि उघडणारं छत त्यांच्या लेखी उंच छत नव्हे. आम्हाला 'खिडक्यांची व्हॅन' मिळालं. विमा कंपनीला मात्र केलेला प्रत्येक बदल कळवला. वेगाची मर्यादाही व्हॅनचीच पाळतो, मधे दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ५०, दुभाजक असलेल्यावर ६०, मोटरवेवर ७० मैल.

खर्च विचारतात म्हणून सांगते, गाडीसकट चोवीस हजार पौंडांच्या आसपास गेले. जाहिरातीतल्या किमतीपुढे बारीक अक्षरात 'अधिक व्हॅट' आहे का बघा. व्हॅनच्या जाहिरातीत ते सर्रास असतं आणि २० टक्के म्हणजे अख्ख्या बेडचे पैसे. आम्ही एका व्हॅनसाठी ब्रिस्टलपर्यंत जाऊन हात हलवत परत आलोय.

मे महिन्यात सांगलीहून सासूबाई आल्या होत्या. व्हॅनची पायरी त्यांच्या गुडघ्यांना उंच पडली. न्यू फॉरेस्टला गेलो तेव्हा प्लॅस्टिकचं दोन पायऱ्यांचं स्टूल घेतलं, ते आता कायमचं गाडीत आहे. पाच माणसं झोपणार नाहीत म्हणून नवरा शेजारी तंबूत गेला. सकाळी आईंनी सगळी गाडी नीट बघितली, प्रत्येक कप्पा उघडून. मग म्हणाल्या, "सगळं आहे गं. डबे ठेवायला फळी तेवढी नाही."

खरंच नव्हती. पुढच्या शनिवारी खिडकीवरचं कार्पेट कापून तिथे फळी लावली. तेवढ्या भागातला हिंगाचा वासही गेला.