गावच्या माळावर झाडं हवीत : खड्डे खणायचे, मियावाकी करायचं की नुसतं राखायचं?

मृग तोंडावर आला की हा प्रश्न हमखास येतो. कधी गावच्या तरुण मंडळाकडून, कधी सोसायटीच्या कमिटीकडून, तर कधी दुबईत किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या एखाद्या गावकऱ्याकडून, ज्याला आईच्या नावानं गावासाठी काहीतरी करायचं असतं. जागा आहे, थोडे पैसे आहेत, उत्साह भरपूर आहे. झाडं लावायची तर कशी?

वाटा तीन आहेत. नेहमीची खड्डे खणून केलेली लागवड, मियावाकी पद्धतीचं घनवन, आणि तिसरी वाट म्हणजे रोप विकत न घेता जमिनीत आहे ते राखायचं. माझा कल तिसरीकडे आहे हे आधीच सांगून टाकतो. पण ती प्रत्येक जागेला लागू पडत नाही, म्हणून तिन्ही शेजारी ठेवून पाहू.

खड्ड्यांचा हिशोब कागदावर सोपा असतो. तीन बाय तीन मीटरवर खड्डे घेतले तर एकरी साधारण 450 रोपं बसतात. खरी परीक्षा पावसाळा सरल्यावर सुरू होते. रोपाला आठवड्याला फक्त दहा लिटर पाणी धरलं तरी एकराला साडेचार हजार लिटर लागतात, म्हणजे दर आठवड्याला एक छोटा टँकर, आणि तोही पुढचा पाऊस येईपर्यंत. ज्या तालुक्यात माणसंच टँकरची वाट बघतात, तिथे रोपांच्या वाट्याला काय येणार?

आमच्या गावच्या टेकडीवर एका वर्षी अशी मोठी लागवड झाली. फलक लागला, फोटो निघाले. पुढच्या मे महिन्यात मी वर गेलो तेव्हा आळी शाबूत होती आणि आळ्यांत वाळक्या काड्या उभ्या होत्या. एक काडी उपटली, तर सोबत काळी पिशवी आली. पिशवी न फाडताच रोप लावलं होतं. मुळं आतल्या आत फिरून सुंभाच्या वेटोळ्यासारखी झाली होती. दोन बोटांच्या अंतरावर ओली माती होती, पण मुळांना तिथवर जाताच आलं नव्हतं. ती काडी कितीतरी दिवस डोळ्यासमोरून हलली नाही.

महाराष्ट्रानं हे मोठ्या प्रमाणावर केलं आहे. 2016 च्या 1 जुलैला 2 कोटी, मग 2017 ला 4 कोटी, 2018 ला 13 कोटी आणि 2019 ला 33 कोटी, असे सरकारी लागवडीचे संकल्प चढत गेले. हे सगळे आकडे लावायच्या रोपांचे होते. पाच वर्षांनी किती झाडं उभी राहणार, याचा असा आकडा कुणी फलकावर लिहीत नाही.

तरीही ही पद्धत टाकाऊ नाही. शाळेचं आवार, विहिरीचा काठ, शेताचा बांध, रस्त्याची कड अशा जागी चिंच, जांभूळ, वड लावायचे तर खड्डाच हवा. अट एकच, प्रत्येक झाडाला पाणी घालणारं माणूस ठरलेलं असावं.

मियावाकीचं आकर्षण मला समजतं. अकिरा मियावाकी या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञानं देवळांभोवती राखलेल्या जुन्या राया अभ्यासल्या आणि त्या भागात मूळचं जंगल कसं असेल याचा अंदाज बांधला. आपल्या देवरायांसारख्याच त्या राया. मग जमीन भुसभुशीत करून, सेंद्रिय खत घालून, दर चौरस मीटरला साधारण तीन देशी रोपं, वर पेंढ्याचं आच्छादन. उजेडासाठी रोपं एकमेकांशी चढाओढ करत झपाट्यानं वर जातात आणि दोन-तीन वर्षांनी खुरपणी-पाणी थांबवता येतं. मुंबई महापालिकेनंही 2020 पासून शहरात अशी वनं उभारली. धूळ, गोंगाट आणि काँक्रीट यांच्या मधोमध दोन गुंठ्यांत पाखरं येतात, ही लहान गोष्ट नाही.

पण हिशोब मांडा. दर चौरस मीटरला तीन म्हणजे गुंठ्याला 300 रोपं, एकराला 12 हजार. खत, कुंपण आणि ठिबक वेगळं. टोकियोत पंधराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो वर्षभर विभागलेला असतो. आपल्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात पाच-सहाशे मिलिमीटर, तोही चार महिन्यांत. शिवाय पद्धतीचा जीव आहे तो तिथलीच झाडं ओळखून निवडण्यात. नर्सरीत जे मिळेल ते चाळीस जातींचं गाठोडं दाट लावलं की मियावाकी झालं, असं नाही. शहरात पाच-दहा गुंठे आहेत, पाण्याची सोय आहे, तीन वर्षांचे पैसे आज हातात आहेत, तर जरूर करा. दहा एकर माळावर करू नका.

आता तिसरी वाट. ती पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर या कोरड्या देशातल्या मारादी भागातून समजून घ्यावी. टोनी रिनाउडो हा ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ तिथे झाडं लावण्याच्या कामावर होता आणि लावलेली बहुतेक झाडं मरत होती. 1983 मध्ये वाळूतून जाताना टायरची हवा कमी करायला तो उतरला आणि बाजूच्या झुडपाकडे त्याचं लक्ष गेलं. ते झुडूप नव्हतंच. तोडलेल्या झाडाच्या खुंटातून आलेले ते धुमारे होते. जमिनीखालचं झाड जिवंत होतं. दरवर्षी शेत साफ करताना धुमारे कापले जात आणि उरलेले जनावरं खात. मग काम उलटं झालं. खुंटावरचे मोजके सरळ धुमारे ठेवायचे, बाकीचे छाटायचे आणि ठेवलेल्यांना राखायचं. पुढच्या वीसेक वर्षांत नायजरमध्ये सुमारे 50 लाख हेक्टरवर, अंदाजे 20 कोटी झाडं अशी उभी राहिली.

यात छाटणीइतकीच महत्त्वाची गोष्ट हक्काची होती. आधी झाड सरकारी मालकीचं मानलं जाई, त्यामुळे शेतकऱ्याला ते वाढवण्यात रस नव्हता. त्या नियमाची अंमलबजावणी सैल झाली आणि आपल्या शेतातलं झाड आपलं, असं वाटू लागलं, तेव्हाच धुमारे वाचले. सेनेगल ते जिबुती अशी 8,000 किलोमीटरची हिरवी भिंत उभारायचं आफ्रिकी देशांनी 2007 मध्ये ठरवलं होतं. तिचाही भर पुढे झाडांच्या सलग रांगेवरून गावोगावच्या जमिनी सावरण्याकडे वळला.

आपल्याकडे हे ज्ञान नवं नाही. हिवरे बाजारनं कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली. गवत कापून न्यायचं, जनावर सोडायचं नाही. जोडीला पाण्याचा ताळेबंद मांडला. धुळे जिल्ह्यातल्या बारीपाड्यानं जंगल राखलं. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. राखणं आणि हक्क इथेही हातात हात घालून चालतात.

आमच्या गायरानात पळस, धावडा, बोर, हिवर यांचे असे शेकडो खुंट आहेत. शेळ्यांनी खाऊन खाऊन गुडघ्याएवढ्या झालेल्या झुडपाखाली जरा उकरलं, तर मनगटाएवढं मूळ लागतं. त्याला टँकर लागत नाही, ते केव्हाच खोल गेलेलं असतं. दोन-तीन जोमदार धुमारे ठेवून बाकीचे कोयत्यानं तिरके छाटले की ठेवलेल्यांना सगळा जोर मिळतो. डिसेंबरनंतर जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळी केलेली पट्टी, काढून ठेवायची, कारण एका वणव्यात सगळं जातं.

मग अडचण काय? अडचण शेळ्यांची नाही, शेळ्यांवर पोट असणाऱ्यांची आहे. चराईबंदीचा ठराव ज्यांच्या गोठ्यात म्हशी आणि शेतात चारा आहे ते करतात आणि त्याची झळ दोन शेळ्यांवर घर चालवणाऱ्या भूमिहीन बाईला बसते. तिला विचारल्याशिवाय केलेली बंदी टिकत नाही, आणि टिकली तर तो अन्याय आहे. म्हणून गायरानाचे तीन भाग करा, एका वेळी एकच बंद ठेवा आणि बंद भागातलं गवत कापायचा पहिला हक्क तिला द्या. राखणदारही त्याच घरांतून घ्या. या वाटेचा मोठा खर्च हा आहे : रोपांऐवजी माणसांची मजुरी, निदान पाच वर्षं. देणगीदारांना हे पटवणं कठीण जातं, कारण उद्घाटन करण्यासारखं काही नसतं.

जमीन इतकी कडक झालेली असेल की खुंटही उरले नाहीत, तर नायजरशेजारच्या बुर्किना फासो देशातल्या याकूबा सावाडोगो या शेतकऱ्याची आठवण ठेवा. कोरड्या दिवसांत लहान खड्डे घेऊन त्यांत शेणखत घालायचं. खताला वाळवी येते, ती जमीन पोखरते आणि पहिलं पाणी आत मुरतं. या जुन्या पद्धतीला तिथे झाई म्हणतात. सावाडोगो आणि रिनाउडो या दोघांनाही 2018 मध्ये राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला. आपल्याकडे सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत जाणारे चर खणून आणि चराच्या काठावर बी टोकून अशी सुरुवात करता येते.

आणखी एक शक्यता कुणी विचारतच नाही. तुमचा माळ मुळात गवताळ असेल तर? पवन्या, मारवेल, कुसळी यांचं गवत, त्यात चिंकारा, खोकड, लांडगा. सात-बाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य, असं लिहिलं म्हणून ती जमीन रिकामी नसते. तिथे गिरिपुष्प किंवा सुबाभूळ भरली की ज्यांना उघडा माळच लागतो त्या जिवांचं घर जातं आणि मेंढपाळाचा चारा जातो. कास पठारासारख्या सड्यांचं, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांचंही तसंच. अशा जागी झाड लावू नका, गवत राखा.

तेव्हा पैसे देण्याआधी, मे महिन्यात, गावातल्या एखाद्या जुन्या गुराख्याला सोबत घेऊन त्या जागेवर एक सकाळ घालवा. शंभर पावलं चाला आणि दोन्ही बाजूंचे खुंट मोजा. कुठलं झाड कधी तोडलं हे तो सांगेल. वीस-पंचवीस जिवंत खुंट निघाले, तर रोपांची ऑर्डर थांबवा आणि ग्रामसभेत आधी राखणदाराच्या पगाराचा विषय घ्या.