जबडा दुखतोय: नाईट गार्ड घ्यावा की व्यायाम करावा?

सकाळी उठल्या उठल्या कानशिलं जड, गालावरचा चावायचा स्नायू दाबला की ठणकतो, जांभई देताना कानापुढे कट्ट वाजतं, एक्सरे बघून डॉक्टर म्हणतात दात तर चांगले आहेत, आणि शेवटी समोर दोन पर्याय, रात्री झोपताना दातांवर बसवायचं आवरण म्हणजे नाईट गार्ड नाहीतर जबड्याचे व्यायाम. इथपर्यंत येऊन थांबलेल्यांसाठी लिहितोय. माझं दोन्ही करून झालंय. पारडं एका बाजूला झुकलेलं आहे हे आधीच सांगतो, पण तुमचा जबडा म्हणजे माझा नव्हे, तेवढं धरून वाचा.

निवडायच्या आधी एक बघा. आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात गुटखा, मावा, सुपारी काय कमी नाही, आणि सुपारीनं गालाची आतली बाजू कडक होत जाऊन तोंड उघडेनासं होतं ते दुखणं पूर्ण वेगळं. त्यात बऱ्याचदा आधी साधं तिखटसुद्धा झोंबायला लागतं, गालाच्या आत बोट फिरवलं तर दोरीसारखे पट्टे लागतात, आणि ते पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतं. तिथे गार्ड की व्यायाम हा प्रश्नच नाही, सरळ दातांच्या डॉक्टरकडे जायचं. तसंच जिना चढताना जबडा दुखतो आणि छातीवर दडपण येतं, तर ते हृदयाचं असू शकतं. पन्नाशीनंतर नव्यानेच डोकं दुखायला लागलं आणि घास चावता चावता जबडा दमतोय, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, नजरेवर बेतू शकतं ते. आणि नुसतं कट्ट वाजतंय, दुखत काहीच नाही, तोंड नीट उघडतंय, तर बहुतेकांना काहीच करावं लागत नाही, वाजू दे की.

गार्डचं चांगलं आधी सांगतो. जे रात्री करकर दात खातात, म्हणजे बाजूला झोपलेल्याला आवाज येतो इतके, त्यांचे दात झिजण्यापासून वाचतात, आणि हे काम व्यायाम करत नाही. दुसरं म्हणजे मेहनत शून्य, लावला आणि झोपलं. लाळ सुटते सुरुवातीला, मग सवय होते. ऑनलाईन मिळतो तो गरम पाण्यात बुडवून चावायचा मऊ गार्ड आणि माप घेऊन बनवलेला कडक गार्ड यात माझ्या मते तरी तुलना नको, मऊ वस्तू तोंडात आली की काही जण ती चघळतच बसतात.

आता मला खटकलं ते. गार्ड सकाळी काढला की खालचे-वरचे दात नेहमीसारखे बसायचे नाहीत. डॉक्टर म्हणाले असं होतं, थोड्या वेळात जुळतात, आणि खरंच जुळायचे, त्यांची काही चूक नाही. पण जुळेपर्यंतचा तो वेळ. दाढ डावीकडची आधी लागतेय की उजवीकडची हे बघायला मी दातावर दात टेकवायचो, मग जरा दाबून बघायचो, मग परत, अंघोळ करताना, चहा पिताना, गाडीवर तर काय हेल्मेटच्या आत कोण बघतंय, गोगटे सर्कलला गर्दीत अडकलं की टक टक टक चालूच. गार्ड घासून नीट करून घेतला, तरी जीभ आणि दात सारखे तिथेच. आता गंमत बघा, दिवसभर दातावर दात टेकायला नकोच असतात, ओठ मिटलेले आणि दात सुटे ही जबड्याची विश्रांतीची अवस्था, चावताना-गिळताना काय टेकतील तेवढेच. म्हणजे रात्रभर ज्या स्नायूला आराम द्यायचा त्यालाच मी सकाळी कामाला लावत होतो. रात्री कमावलं आणि न्याहारीपर्यंत उडवलं. हे सगळ्यांचं होईल असं नाही, माझ्या ओळखीतले एकजण वर्षानुवर्षं गार्ड लावतात आणि त्यांना असलं काही जाणवतच नाही. पण ज्याला मुळातच दात दाबायची खोड आहे, कॉम्प्युटरसमोर बसला की जबडा आवळतो, त्याला ही तपासणीची नवीन खोड लागायला वेळ लागत नाही असं मला वाटतं.

व्यायामाचं उलटं आहे, पहिला धडाच दात सुटे ठेवायचा. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टाळूला लावायचं, आपण ‘न’ हे अक्षर म्हणताना लागतं तिथे, आणि तसंच ठेवून तोंड उघडायचं, जीभ सुटायला लागली की थांबायचं. आरशात बघायचं, हनुवटी सरळ खाली जातेय की एका बाजूला पळतेय. मग हनुवटीखाली दोन बोटं लावून हलका विरोध, हलका म्हणजे अगदी हलका, तसंच डावी-उजवीकडे. आमच्या फिजिओ मॅडम कन्नडमधून मोजायच्या, ओंदु, एरडु, मूरु, आणि सहाला थांबायच्या, कारण चिलीचे फिजिओथेरपिस्ट मारियानो रोकाबादो यांचा प्रसिद्ध संच सहाचाच आहे, सहा व्यायाम, प्रत्येक सहा वेळा, दिवसातून सहा वेळा. त्यात मानेचे आणि खांद्यांचेही येतात, आणि ते टाळू नका, मान पुढे काढून मोबाईल बघणाऱ्याचा जबडा एकटा सुधारत नाही. जोडीला ओल्या गरम फडक्याचा शेक आणि गालाच्या स्नायूला बोटांनी मालीश.

त्रास इथेही आहे. फरक हळूहळू पडतो, आठवड्यांच्या हिशेबात, आणि पहिल्या काही दिवसांत तर हे काय माकडचाळे लावलेत असंच वाटतं, घरातली पोरं नक्कल करतात ती वेगळी. दिवसातून सहा वेळा कुणाच्यानं होतंय, मी आपलं फोन वाजला की, पाणी प्यायला उठलो की, असं जोडून घेतलं. ताण जाणवला तर चालतो, पण केल्यावर बराच वेळ दुखत राहिलं तर जास्त झालं समजून कमी करायचं. आणि ज्यांचा जबडा निखळतो किंवा नुकताच अडकलाय त्यांनी मोबाईलवर बघून तोंड ताणायच्या भानगडीत पडू नये.

फक्त माझ्या अनुभवावर जाऊ नका म्हणून हेही सांगतो. २०२३ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात जबड्याच्या जुन्या दुखण्याबद्दल, म्हणजे तीन महिन्यांच्या वरच्या, तज्ज्ञांच्या शिफारशी आल्या. फिजिओच्या देखरेखीखाली केलेले जबड्याचे व्यायाम आणि स्ट्रेचिंग, मानेच्या ठेवणीचे व्यायाम, हातानं सांधा मोकळा करणं, स्नायूतल्या गाठी दाबणं, मनाचा ताण कमी करायचे उपाय, हे सगळं त्यांनी ठामपणे पुढे ठेवलंय. काढता-घालता येणाऱ्या गार्डबद्दल मात्र शक्यतो नको असा कल दिलाय, आणि दातांची ठेवण कायमची बदलणाऱ्या स्प्लिंटला, म्हणजे गार्डसारख्याच साच्याला, तर जोरात नको. हे दुखण्यापुरतं हं, दात झिजण्याचा मुद्दा वेगळा, तो वर आलाच आहे.

खाण्याचं दोन्हीकडे सारखंच. गोकाकचा करदंट काही दिवस विसरा, डिंक आणि सुकामेवा चिवट असतो तो जबड्याला पुरून उरतो. ऊस सोलून खाणं बंद. कडक भाकरी मोडून आमटीत भिजवून खा. बेळगावच्या मऊ मिठाईला, कुंद्याला, काही बंदी नाही, तेवढंच आपलं नशीब.

तर दुखणं मुख्य असेल, दिवसा दात आवळायची सवय असेल, तर मी आधी व्यायामाला महिना-दोन महिने देईन. दात खरंच झिजलेत, कडा तुटल्यात असं डॉक्टर दाखवत असतील तर गार्ड घ्या, कडक घ्या, मधून मधून तपासून घ्या, आणि सकाळी काढल्यावर दात जुळले का हे बघत बसू नका, मला नाही जमलं पण तुम्हाला जमेल कदाचित. दोन्ही एकत्र करणारेही आहेत. फिजिओकडे जायच्या आधी फोन करून विचारा की जबड्याचे पेशंट बघता का, कारण गुडघे-कंबर बघणारे गल्लोगल्ली आहेत पण जबड्याचं सगळेच करत नाहीत. बेळगावात नेहरूनगरला केएलई संस्थेचं डेंटल कॉलेज आणि फिजिओथेरपी कॉलेज दोन्ही आहेत, खानापूर-चिकोडीकडून येणाऱ्यांना एकाच फेरीत दोघांनाही विचारता येईल.