लॅपटॉपमध्ये एएक्स२१० वायफाय कार्ड: काही महिन्यांचा अनुभव आणि त्या दुसऱ्या तारेचं रडगाणं

फायबरचा प्लॅन ३०० एमबीपीएसचा. फोनवर स्पीडटेस्ट २८०च्या पुढे जाते आणि त्याच टेबलावर ठेवलेला लॅपटॉप ४०च्या वर सरकत नाही. पैसे ३००चे मोजून ४० वापरायचे, हे काही माझ्या पचनी पडेना. नेटवाला म्हणाला, "काका, आमच्याकडून फुल येतंय, लॅपटॉप दाखवून घ्या." सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, "सर, वॉरंटी संपलीये, बोर्ड चेक करावा लागेल." नुसतं चेक करायचेही पैसे! म्हटलं, बस झाली टोलवाटोलवी.

कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेटश डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स' टाकलं आणि सगळा उलगडा झाला. लॅपटॉपमधलं वायफाय कार्ड फक्त ८०२.११एन, म्हणजे जुन्या पिढीचं वायफाय ४, आणि तेही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यापुरतंच (बँड). राउटरचं ५ गिगाहर्ट्झ त्याला दिसतच नव्हतं. एका अँटेनावर २० मेगाहर्ट्झचा चॅनल मिळाला की लिंक, म्हणजे राउटर आणि लॅपटॉपमध्ये ठरणारा वेग, ७२ एमबीपीएसची, आणि हातात पडतात त्यातले निम्मे. त्यात आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक घराचा राउटर त्याच २.४च्या पट्ट्यात घुसलेला. बोर्डाचा काडीचा संबंध नव्हता.

इंटेलचं एएक्स२१० मागवलं, दोन हजारांच्या आतबाहेर पडलं. यूएसबी डोंगल स्वस्त मिळतो, पण तो कायम बाहेर डोकावणार आणि नातवाच्या हातून तुटणार. मागचं झाकण उघडा, आधी बॅटरीचा कनेक्टर काढा, कार्डाचा एकच स्क्रू सोडवा, काम एवढंच. अँटेनाच्या तारेच्या टोकाचं, कार्डावर बसणारं बटण मात्र ज्वारीच्या दाण्याहून लहान. ते नीट वरून धरून दाबायचं. तिरकं दाबलं तर चेपतं.

आणि इथेच माझं डोकं फिरलं. नव्या कार्डावर अँटेनाच्या जागा दोन, आणि लॅपटॉपमध्ये तार एकच! अँटेना असते स्क्रीनच्या कडेला; तिथपर्यंत एक तार नेलीच होती, तिच्याच शेजारून दुसरी न्यायला कंपनीला किती खर्च आला असता? बॉक्सवर स्टिकर चिकटवायला पैसे आहेत, वीतभर तारेला नाहीत. जो भेटेल त्याला मी हे ऐकवायचो. बायको म्हणायची, "अहो, नेट चालतंय ना आता?"

चालत होतं, हे खरं. माझा राउटर वायफाय ५चा, त्यामुळे एका अँटेनावर ८० मेगाहर्ट्झला लिंक ४३३, आणि स्पीडटेस्ट २५०-२७०. ब्लूटूथही सुधारलं, हेडफोनचं तुटक येणं थांबलं. तेव्हा मी ठरवलं होतं की दुसरी तार ही निव्वळ चैन आहे, प्लॅनच ३००चा असताना हवी कशाला.

दिवाळीनंतर हे मत बदललं. मुलाची मीटिंग म्हणून मला आतल्या खोलीत हलवण्यात आलं. मधे आरसीसीची भिंत. तिथे ५ गिगाहर्ट्झ तुटायचं आणि लॅपटॉप मुकाट २.४ वर जाऊन बसायचा. परत तेच ४०. ड्रायव्हरच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'प्रेफर्ड बँड' ५ केला, राउटरवर दोन्ही बँडना वेगळी नावं दिली, तरी रड चालूच. शेवटी दोन-तीनशे रुपयांत एमएचएफ-४ कनेक्टरची (म्हणजे कार्डावर बसणारं तेच चिमुकलं बटण असलेली) अँटेनाची जोडी आणली. स्क्रीनची बेझेल, म्हणजे भोवतीची चौकट, उघडण्याचं धाडस नव्हतं, म्हणून त्यातली एक तळहात टेकतो त्या प्लास्टिकखाली चिकटवली. बॉडी धातूची असेल तर हा उद्योग नको, सिग्नल आतच अडकतो.

राउटरजवळ लिंक ८६६ झाली, पण स्पीडटेस्ट २९० म्हणजे जेमतेम फरक. आतल्या खोलीत मात्र आता ५ गिगाहर्ट्झ टिकतं आणि १८०-२०० सहज मिळतात. म्हणजे तार वेगासाठी नाही, भिंतीसाठी हवी होती. कंपनीवरचा राग त्यामुळे कमी झालेला नाही, उलट वाढलाच आहे.

घेताना एक बघा: एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही कार्डं दिसायला हुबेहूब अशीच आणि बऱ्याचदा स्वस्त असतात, पण ती आपलं अर्धं काम मदरबोर्डवरच्या इंटेलच्या ठरावीक चिपसेटकडून करून घेतात. एएमडी प्रोसेसरच्या लॅपटॉपमध्ये ती चालणारच नाहीत, आणि दुकानदार हे आपण होऊन सांगत नाही.