चर्प मेरिटाइम : जहाजावरच्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावी अशी सर्व्हिस

मागच्या कॉन्ट्रॅक्टला आमच्या पायलट लॅडरच्या, म्हणजे बंदराचा वाटाड्या पायलट जिच्यावरून जहाजावर चढतो त्या दोराच्या शिडीच्या, दोराचे धागे सुटलेले, हाताला कुसळासारखे टोचायचे, दोनदा सांगूनही 'पुढच्या पोर्टला बघू' एवढंच, आणि लेखी द्यावं तर पुढचं कॉन्ट्रॅक्ट मिळेल की नाही ही धास्ती. शेवटी चर्पला रिपोर्ट टाकला. सुरक्षेबद्दलचे रिपोर्ट नाव गुप्त ठेवून घेणारी ब्रिटनमधली चॅरिटी आहे ही, विमानवाल्यांसाठी 1982 पासून नि जहाजांसाठी 2003 पासून, एक पैसा घेत नाहीत. नाव मात्र द्यावं लागतं, निनावी चालत नाही, मला तिथेच भीती वाटली खरं सांगतो, पण ते नाव बाहेर जात नाही आणि तुम्ही हो म्हटल्याशिवाय कंपनीशी बोलत नाहीत. मी हो म्हटलं, नवी शिडी आली. अहो, पायलट हलत्या समुद्रात त्याच शिडीवरून 9 मीटरपर्यंत चढतो, दोर तुटला तर खाली बोट नाहीतर पाणी!

त्यांचं फीडबॅक बुलेटिन पण वाचा, नावं काढून खऱ्या घटना असतात, आमच्या मेसमध्ये त्यावरून तासभर चर्चा झाली. फक्त तातडीचा धोका असेल तर यांच्या भरवशावर थांबू नका, तेव्हा काम थांबवा आणि आधी कॅप्टनला गाठा. माझ्याकडून 5 पैकी 5.