कचऱ्याच्या कंपोस्टेबल (कुजून खत होणाऱ्या) पिशव्या: पिशवी बरी आहे, पुढची सोय आहे का ते आधी बघा

रेटिंग आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटतील. पाचपैकी तीन. पण तुमच्याकडे ओला कचरा वेगळा उचलून खरोखर खताच्या प्लांटला जात असेल तर साडेचार, आणि सगळा कचरा एकाच गाडीत पडून डंपिंगला जात असेल तर एक, तोही रंग छान आहे म्हणून.

कंपनीचं नाव देत नाहीये कारण आलटून पालटून बऱ्याच वापरल्या आणि फरक एकोणीस-वीसचाच आहे. हाताला जरा मऊ, थोडी बुळबुळीत लागते, साध्या पॉलिथिनसारखी चरचर वाजत नाही. सालं, देठं, उरलेलं अन्न, चहाचा चोथा असलं सगळं व्यवस्थित मावतं. पाणी निथळून टाकलं तर दोन-तीन दिवस काही होत नाही, पण पातळ काही ओतलं किंवा गरम गरम टाकलं की तळ ढिला पडतो आणि उचलताना धाकधूक होते. गाठ मारायला थोडी जागा सोडा, गळ्यापर्यंत भरू नका. वासाच्या बाबतीत मात्र मला या जास्त आवडल्या, कारण बऱ्याच पिशव्यांमधून वाफ थोडी बाहेर जाते, आत पाणी साचत नाही, त्यामुळे कचरा कमी आंबतो. त्यातही जाळीच्या डब्यात ठेवली तर अजून बरं.

आता मुख्य मुद्दा, पाकिटावर जे लिहिलेलं असतं त्याचा. 'मक्यापासून बनवलेली' असं मोठ्या अक्षरात असतं आणि हिरवं पान काढलेलं असतं. अर्धं खरं आहे. यात साधारण दोन गोष्टी मिसळलेल्या असतात, एक म्हणजे स्टार्च किंवा पीएलए नावाचं प्लास्टिक. पीएलए म्हणजे मका किंवा ऊस यांच्यातली साखर बॅक्टेरियाकडून आंबवून लॅक्टिक अ‍ॅसिड करायचं आणि त्याच्या लांब साखळ्या जोडायच्या. पण नुसतं पीएलए कडक आणि ठिसूळ असतं, त्याची पिशवी नीट होत नाही, म्हणून लवचिकपणासाठी पीबीएटी नावाचं दुसरं प्लास्टिक घालतात, आणि ते बहुतेक वेळा पेट्रोलियमपासूनच बनतं. तरीही ते कुजतं! उलटही आहेच, उसाच्या इथेनॉलपासून केलेलं पॉलिथिन शंभर टक्के झाडापासून आलेलं असलं तरी ते साध्या पॉलिथिनसारखंच, अजिबात कुजत नाही. म्हणजे कशापासून बनलं हा एक प्रश्न आणि शेवटी त्याचं काय होतं हा वेगळाच प्रश्न, आणि जाहिरातवाले दोन्ही एका हिरव्या पानाखाली झाकतात. आणि नुसतं 'बायोडिग्रेडेबल' (जंतूंमुळे कुजणारं) लिहिलंय, कोणत्या परिस्थितीत आणि किती दिवसांत ते लिहिलेलंच नाही, असं पाकीट सरळ परत ठेवा.

मग बघायचं काय, तर स्टँडर्डचा नंबर. ईएन 13432 हे युरोपचं स्टँडर्ड असेल तर त्याला अर्थ आहे. त्यात 12 आठवड्यांनी 2 मिलिमीटरच्या चाळणीवर 10 टक्क्यांपेक्षा जास्त तुकडे उरता कामा नयेत, 6 महिन्यांत 90 टक्के कार्बन हवेत कार्बन डायऑक्साइड होऊन गेला पाहिजे, जड धातूंना मर्यादा आहे, आणि तयार खतात झाड नीट वाढतं का तेही तपासतात. चांगलीच कडक परीक्षा आहे. फक्त ही परीक्षा मोठ्या प्लांटच्या गरमीत होते, साधारण 58 अंशाला. घरच्या कुंडीत किंवा बादलीत एवढी गरमी सहसा येत नाही आणि आली तरी टिकत नाही. घरी खत करणाऱ्यांनी 'होम कंपोस्टेबल' असं वेगळं सर्टिफिकेट बघायचं, त्यात नेहमीच्या तापमानाला वर्षभराची मुदत असते.

आणि तेही असलं म्हणून निश्चिंत होऊ नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने लोकांनाच हाताशी धरून त्यांच्या घरच्या खताच्या ढिगात असल्या वस्तू कुजतात का ते बघितलं, 2022 मध्ये निकाल छापला, तर 'होम कंपोस्टेबल' लिहिलेल्यांपैकीही 60 टक्के वस्तू पूर्ण कुजल्या नव्हत्या. त्याआधी 2019 मध्ये प्लिमथ युनिव्हर्सिटीवाल्यांनी वेगवेगळ्या पिशव्या मातीत पुरल्या आणि समुद्रात बुडवून ठेवल्या होत्या. कंपोस्टेबल पिशवी समुद्रात 3 महिन्यांत दिसेनाशी झाली, पण मातीत मात्र 27 महिन्यांनीही होती, फक्त वजन टाकलं की फाटायची. आणि 'बायोडिग्रेडेबल' म्हणून विकलेली पिशवी 3 वर्षांनी बाहेर काढली तर तिच्यातून चक्क सामान नेता येत होतं. तर रस्त्यावर, नाल्यात टाकली तरी विरघळून जाईल असं डोक्यात असेल तर काढून टाका, या त्यासाठी बनवलेल्याच नाहीत.

तरीपण मी या घेतो, कारण माझ्या मते या पिशवीकडे प्लास्टिकला पर्याय म्हणून बघायचंच नाही. ती ओला कचरा स्वच्छ गोळा करायचं साधन आहे, बस. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा आकडा आहे, 2022 मध्ये जगात 105 कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं 60 टक्के घराघरांतून. हे डंपिंगला गेलं की ढिगाखाली हवा नसल्यामुळे सडून मिथेन हा हवामान तापवणारा वायू सोडतं. तेच वेगळं गोळा झालं तर आधी बायोगॅस काढता येतो, मग उरलेल्याचं खत होतं आणि जमिनीतून काढलेलं थोडंफार जमिनीत परत जातं. बायोइकॉनॉमी बायोइकॉनॉमी म्हणतात (पिकं, झाडं, ओला कचरा असल्या जैविक मालावर चालणारं अर्थकारण) ती मला तरी इथेच खरी दिसते, मक्याची पिशवी बनवण्यात कमी आणि कचऱ्याची वाट बदलण्यात जास्त. साध्या प्लास्टिकच्या पिशवीत ओला कचरा दिला तर प्लांटवाल्यांना पिशव्या फाडून वेगळ्या काढाव्या लागतात आणि तरी खतात चिंध्या उरतात. पिशवीच कुजणारी असली की ती कटकट जाते.

इटलीत हे जमवलेलं आहे. 2011 पासून दुकानातल्या न कुजणाऱ्या कॅरीबॅग बंद, 2018 पासून फळं-भाजीच्या पातळ पिशव्याही कंपोस्टेबल, आणि लोक त्याच पिशव्या घरी ओल्या कचऱ्याला वापरतात. मिलानमध्ये 2014 पर्यंत अख्ख्या शहरात दारोदार ओला कचरा वेगळा उचलायला लागले. म्हणजे तिथे पिशवी, गाडी आणि प्लांट तिन्ही एका माळेत आहेत. बाकी बऱ्याच ठिकाणी आपल्याला फक्त पिशवी विकतात आणि पुढचं देवावर सोडतात! काही प्लांट तर या पिशव्या साध्या प्लास्टिकपासून ओळखू येत नाहीत म्हणून सगळ्याच काढून जाळायला पाठवतात, काहींचं खत इतक्या घाईत तयार होतं की पिशवीला कुजायला वेळच मिळत नाही. म्हणून घेण्याआधी तुमचा कचरा जिथे जातो त्यांना विचारा, की या पिशव्या चालतात का.

मक्या-उसाची शेती प्लास्टिकसाठी का वापरायची, हा आक्षेप कायम येतो. सध्या सगळं बायोप्लास्टिक मिळून जगातल्या प्लास्टिकच्या एक टक्क्याच्या आसपासच आहे, त्यामुळे आज जमिनीवर फार ताण नाही, पण उद्या सगळंच प्लास्टिक पिकांपासून करू म्हणाले तर ते परवडणारं नाही हे उघड आहे. पाणी, खत, जमीन फुकट येत नाही. एकदा वापरून फेकायचे कप, चमचे, स्ट्रॉ असले प्रकार पीएलएचे केले म्हणून मला त्यात काही भूषण वाटत नाही, धुवून वापरायचा कप त्याहून केव्हाही बरा. वर पीएलएची पारदर्शक बाटली चुकून साध्या बाटल्यांच्या रिसायकलिंगमध्ये गेली की तो मालही बिघडतो. ओल्या कचऱ्याच्या पिशवीचं तसं नाही, ती शेवटी घाणच होणार असते, म्हणून तिथे कुजण्याला खरंच किंमत आहे.

शेवटी दोन कामाच्या गोष्टी. या पिशव्या साठवून ठेवू नका, मोठा पॅक स्वस्त पडतो म्हणून घेतला आणि गरम किंवा दमट कपाटात पडून राहिला तर घड्यांवर आपोआप फाटायला लागतात, पाकिटावर बनवल्याची तारीख असेल तर बघून घ्या आणि वर्षभरात संपेल एवढाच रोल घ्या. आणि तुमचा डबा छोटा असेल तर पिशवीच नको, तळाला जुना कागद घाला, डबा रिकामा करून धुवा, प्लांटला तेही चालतं.