एकच माउंट म्हणून गळ्यात मारलेली लेन्स

मला सावध करू शकला असता असा आवाज मी व्यवहाराच्या दिवशी चांगला आठ-दहा वेळा ऐकला होता. विक्रेत्याने स्वतःच्या कॅमेऱ्यावर लेन्स चढवून तो माझ्या हातात दिला, मी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळावर नेम धरून बटण दाबले आणि कॅमेऱ्याच्या पोटातला आरसा दर वेळी ‘खटॅक्’ करून वर उचलला गेला. ज्या प्रकारच्या कॅमेऱ्यासाठी मी ती लेन्स घेत होतो, त्यात आरसा नसतोच. हे मला पुरते ठाऊक होते, पण फोकस इतका चटकन आणि नेमका बसत होता की मी त्या आवाजाकडे कौतुकाने ऐकत राहिलो आणि पैसे मोजून बाहेर पडलो.

कॅमेरा बदलताना एकाच कंपनीच्या दावणीला बांधून घ्यायचे नाही, एवढे मी आधीच ठरवले होते. कॅननची लेन्स निकॉनच्या बॉडीवर बसत नाही, निकॉनची सोनीवर बसत नाही, आणि बॉडी काही वर्षांत जुनी झाली तरी चांगली लेन्स वर्षानुवर्षे कामाला येत असल्यामुळे खरा पैसा अडकतो तो लेन्समध्ये. ऑलिंपस आणि पॅनासोनिक यांनी २००८ मध्ये मिळून जाहीर केलेली मायक्रो फोर थर्ड्स ही पद्धत म्हणूनच मला पटली होती. माउंटचे, म्हणजे लेन्स बॉडीला जिथे जोडली जाते त्या कडीचे, मोजमाप सामाईक, चित्र टिपणारा १७.३ × १३ मिलिमीटरचा सेन्सर सामाईक, त्यामुळे एका कंपनीची बॉडी आणि दुसऱ्या कंपनीची लेन्स असा संसार थाटता येतो. ‘आधी काच घ्या, बॉडी नंतर’ हा छायाचित्रकारांमध्ये सर्रास दिला जाणारा सल्ला विक्रेत्यानेही दिला आणि तो सल्ला चुकीचा नसल्यामुळेच माझा त्याच्यावर विश्वास बसला. माझ्याजवळ बॉडी नसताना लेन्स विकण्यात त्याची सोय काय होती, हे फार उशिरा कळले.

त्याने जी चलाखी केली ती एका शब्दाच्या आडून केली. मायक्रोच्या आधी नुसती फोर थर्ड्स नावाची पद्धत होती. ऑलिंपस आणि कोडॅक यांनी ती २००२ मध्ये जाहीर केली, २००३ मध्ये ऑलिंपसचा ई-१ हा तिचा पहिला कॅमेरा आला आणि २०१० च्या ई-५ नंतर त्या घराण्यात नवा कॅमेरा निघाला नाही. ते आरशाचे, म्हणजे डीएसएलआर कॅमेरे होते. मायक्रोमध्ये सेन्सर तेवढाच ठेवून आरसा काढून टाकला, त्यामुळे माउंटपासून सेन्सरपर्यंतचे अंतर ३८.६७ मिलिमीटरवरून १९.२५ वर आले, माउंटचा बाहेरचा व्यास सुमारे ६ मिलिमीटरने कमी झाला आणि विजेचे संपर्कबिंदू ९ ऐवजी ११ झाले. नावे जवळजवळ सारखी असली तरी माउंट दोन आहेत. मी विचारले तेव्हा विक्रेता शांतपणे म्हणाला, “साहेब, ‘मायक्रो’ हे बॉडी लहान झाली म्हणून दिलेले नाव आहे. काच तीच, माउंट तोच.” हे वाक्य मला अजून शब्दशः आठवते, कारण पुढे त्याने ते आपण बोललोच नसल्याचे सांगितले.

मी दोन लेन्स घेतल्या. एक वापरलेली, लांब पल्ल्याची झूम, जी मी पक्ष्यांसाठी घेतली. दुसरी लहानशी, ॲपर्चरची (प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राची) रिंग असलेली, डब्यासह. दुसरीही त्याच कॅमेऱ्यावर लावून दाखवा, असे मी म्हणालो तेव्हा तो म्हणाला की ती अगदी नवी आहे, उगाच माउंटवर ओरखडे नकोत. दोन्ही लेन्सचा माउंट खरोखर एकच असता, तर त्या कॅमेऱ्यावर दुसरी न लावण्याचे कारण काय, हा प्रश्न तिथेच पडायला हवा होता. प्रत्यक्षात मायक्रोची लेन्स जुन्या आरशाच्या कॅमेऱ्यावर बसवताच येत नाही, कारण तिच्या आणि सेन्सरच्या मधल्या जागेत आरसा असतो. माझ्या काळजीपोटी तो ओरखडे टाळतो आहे, असेच मला वाटले.

दोन आठवड्यांनी दुसरीकडून घेतलेली ऑलिंपसची लहान बॉडी आली. लहान लेन्स एका वळणात बसली. झूम मात्र माउंटवर टेकून राहिली, आत जाईना. मला वाटले, खाच चुकते आहे. मग टेबलावरचा दिवा जवळ ओढून मी दोन्ही लेन्स उलट्या, शेजारी शेजारी धरल्या. झूमची धातूची कडी डोळ्यांना दिसेल इतकी रुंद होती, आणि सोनेरी ठिपके मोजले तर एकीवर अकरा, दुसरीवर नऊ. हे मोजायला अर्धा मिनिट लागला, आणि हा अर्धा मिनिट मी खरेदीच्या वेळी दिला असता तर पुढचे काही लिहावे लागले नसते.

फोन केल्यावर विक्रेत्याचा सूर जराही बदलला नाही. “ॲडॅप्टर लागतोच, ते सगळ्यांना माहीत असते,” असे सांगून त्याने ॲडॅप्टरही मलाच विकला. जेमतेम दोन सेंटीमीटर जाडीचे ते कडे चढवल्यावर लेन्स बसली, पण पडद्यावर ॲपर्चरच्या जागी नुसत्या रेघा दिसू लागल्या. फोकसची रिंग फिरवली तर ती गुळगुळीत फिरत राहिली आणि चित्र होते तिथेच, धूसर. त्या घराण्यातल्या कित्येक लेन्समध्ये फोकसच्या रिंगचा आतल्या काचेशी यांत्रिक संबंध नसतो. रिंग फक्त संकेत देते आणि काच मोटर हलवते. ॲपर्चरही विजेवर चालते. मला दिलेल्या कड्यात मात्र एकही संपर्कबिंदू नव्हता, ती निव्वळ पोकळ नळी होती. म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला चिकटली होती, जोडली गेली नव्हती.

शेवटी मी विद्युत जोडणी असलेला खरा ॲडॅप्टर दुसरीकडून मिळवला. लेन्सला जाग आली, ॲपर्चर चालू लागले, पण फोकस पुढेमागे चाचपडत राही आणि तो जागेवर येईपर्यंत पक्षी उडून गेलेला असे. त्या जुन्या झूमची मोटर आरशाच्या कॅमेऱ्यातल्या फेज डिटेक्शनसाठी, म्हणजे फोकस किती आणि कुठल्या दिशेला चुकला हे एकदम मोजणाऱ्या पद्धतीसाठी बनलेली, आणि माझी बॉडी सेन्सरवरच्या चित्राचा ठळकपणा (कॉन्ट्रास्ट) पुढेमागे करून मोजत फोकस लावणारी. ऑलिंपसने २०१३ च्या ई-एम१ मध्ये सेन्सरवरच फेज डिटेक्शन दिले ते मुख्यतः याच जुन्या लेन्सधारकांसाठी. तशी बॉडी असती तर ही लेन्स बऱ्यापैकी चालली असती. तेव्हा दोष पद्धतीचा नव्हता, लेन्सचाही नव्हता. कोणती लेन्स कोणत्या बॉडीवर किती चालेल, हे ज्याला नेमके माहीत होते त्याने ते लपवले होते.

लहान लेन्सबाबतही त्याने “सगळे फीचर कुठल्याही बॉडीवर” असे ठणकावून सांगितले होते. ती पॅनासोनिक-लायकाची होती. चित्र उत्तम, फोकस झटकन, पण ॲपर्चरची जी रिंग पाहून मी भाळलो होतो ती माझ्या ऑलिंपसच्या बॉडीवर नुसती शोभेची ठरली. ॲपर्चर बॉडीवरूनच बदलावे लागते. हे काही गुपित नाही. तसेच लेन्समधले आणि बॉडीतले कंपनरोधन एकत्र चालवण्याची सोय त्या त्या कंपनीच्या स्वतःच्या जोडीतच मिळते, परक्या जोडीत दोहोंपैकी एकच चालते. सामाईक माउंट म्हणजे लेन्स बसेल, फोकस होईल, ॲपर्चर चालेल एवढे. त्यापुढचे प्रत्येक कलम वेगळे विचारावे लागते. लायका, पॅनासोनिक आणि सिग्मा यांनी २०१८ मध्ये एकत्र येऊन स्वीकारलेल्या एल-माउंटमध्येही लहान सेन्सरसाठी बनलेली लेन्स मोठ्या सेन्सरच्या (फुल फ्रेम) बॉडीवर बिनदिक्कत बसते आणि चित्राचा फक्त मधला भाग मिळतो. नुसते ‘एल-माउंटची आहे’ एवढे सांगून अशी लेन्स कोणी विकू लागले, तर तिचे प्रतिमावर्तुळ, म्हणजे ती सेन्सरवर पाडते त्या चित्राचा गोल, किती, हे आधी विचारावे.

तक्रार घेऊन गेलो तेव्हा त्याने पावतीच पुढे केली. तिच्यावर लिहिले होते, ‘डिजिटल लेन्स २ नग, वापरलेली/नवी, ग्राहकाने तपासून घेतली.’ खाली माझी सही. ना माउंटचे नाव, ना लेन्सचा अनुक्रमांक, ना तोंडी दिलेल्या ‘नको झाली तर सत्तर टक्क्यांना परत घेऊ’ या हमीचा उल्लेख. पावतीवर ‘मायक्रो फोर थर्ड्स बॉडीसाठी’ एवढे शब्द लिहून मागितले असते, तर बहुधा तो तिथेच अडखळला असता, कारण खोटे बोलणे आणि ते स्वतःच्या हस्ताक्षरात देणे यात फरक असतो. बऱ्याच हुज्जतीनंतर त्याने पोकळ ॲडॅप्टरचे पैसे परत केले. झूम परत घ्यायला तो तयार होता, पण दिलेल्या किमतीच्या चौथ्या हिश्शाला, आणि तेही माझ्यावर उपकार म्हणून.

मी ती त्याला दिली नाही. काही महिन्यांनी जुना आरशाचा फोर थर्ड्स कॅमेरा अजून वापरणारे एक गृहस्थ भेटले. त्यांना सगळी हकीकत सांगून, त्यांच्याच कॅमेऱ्यावर लावून दाखवून, ती निम्म्याहून कमी किमतीला विकली. पैसे देण्याआधी त्यांनी लेन्स उलटी करून मागचे ठिपके बोटाने मोजले. तोच ‘खटॅक्’ आवाज पुन्हा ऐकला. लहान लेन्स माझ्याकडेच आहे, आणि तिची रिंग मी अजूनही सवयीने फिरवून बघतो.