बधिर करणारं मलम की बर्फ?

पाच वर्षांच्या लेकीला डीपीटी लशीच्या बूस्टर डोसच्या इंजेक्शनआधी मलम लावू की बर्फ, असं मैत्रिणीने विचारलं. लिडोकेन-प्रिलोकेनचं मलम जाड थरात लावून, वर पट्टी चिकटवून तासभर ठेवावं लागतं. घाई केली तर पैसे वाया. पण कातडी खरोखर बधिर होते, स्नायूतली कळ मात्र थोडी जाणवतेच. तान्ह्या बाळाला डॉक्टरांना विचारूनच लावा.

बर्फ फुकट, फडक्यात गुंडाळून मिनिटभर पुरे. परिणाम लगेच ओसरतो, शिवाय गारव्यानेच काही मुलं बिथरतात.

सुईला आधीच घाबरलेल्या मुलासाठी मलम; अचानक ठरलेल्या इंजेक्शनला बर्फ. रक्तातली साखर तपासताना बोटाला दोन्ही नकोत: मलम तिथल्या जाड कातडीत मुरत नाही, बर्फाने रक्त नीट येत नाही. हात कोमट पाण्याने धुऊन, कोरडे करून बोटाच्या कडेला टोचा.